आधी मदतीचा फॉर्म भरून बघ

प्रिय,

संस्थेची वेबसाइट अपंग व्यक्तींना वापरता यावी म्हणून सुरुवात कुठून करायची, असं तू विचारलंस. मुखपृष्ठाचं नंतर बघू. मदत मागायचा फॉर्म उघड, माउस बाजूला ठेव आणि फक्त कीबोर्डवर तो शेवटपर्यंत भरून बघ.

बहुधा मध्येच अडकशील. टॅब दाबत पुढे गेल्यावर आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट कुणीतरी ‘बरी दिसत नाही’ म्हणून काढलेली असते. तारखेचं कॅलेंडर माउसशिवाय उघडत नाही. मग एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, सुरू कर, विंडोजसाठी तो मोफत मिळतो. स्क्रीन बंद करून नुसतं ऐक. रकान्यात काय भरायचं ते तो सांगत नसेल, तर कोडमध्ये त्या रकान्याला लेबल, म्हणजे त्याचं नाव, जोडलेलं नाही. रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहिलेल्या सूचनेवर विसंबू नकोस. टाइप करायला लागलं की ती नाहीशी होते, आणि ज्याच्या लक्षात राहत नाही तो तिथेच थांबतो. चूक झाल्यावर रकाना नुसता लाल करणं तर फारच वाईट. ‘फोन नंबरात एक आकडा कमी आहे’ असं शब्दांत सांग आणि तो मजकूर त्या रकान्याशी जोड.

इतर कुठल्याही साइटपेक्षा आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण इथे येणाऱ्या कित्येकांची अडचण आजारातूनच आलेली असते. पार्किन्सन्समुळे हात थरथरतो, मधुमेहाने नजर अधू होते, केमोथेरपीने थकलेल्या माणसाला फॉर्म भरताना दोनदा आडवं व्हावं लागतं. तेवढ्यात सेशन, म्हणजे साइटने फॉर्मसाठी दिलेला वेळ, संपून भरलेलं सगळं पुसलं गेलं, तर तो परत येईलच असं नाही. वेळ संपण्याआधी ‘आणखी वेळ हवा का’ असं विचार आणि वाढवून दे. वेबसाइट अपंगांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत, २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, बटणाचा किमान आकार २४ बाय २४ पिक्सेल आहे. मला तो अपुरा वाटतो, तू ४४ ठेव. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट ४.५ला १ पेक्षा कमी नको.

‘एक ओळ कोड टाका, साइट सर्वांसाठी खुली’ म्हणून विकल्या जाणाऱ्या विजेटवर, म्हणजे साइटवर वरून चिकटवायच्या तयार साधनावर, देणगीदारांचे पैसे घालवू नकोस. लेबल नसलेला फॉर्म त्याने नीट होत नाही. तपासणीची सॉफ्टवेअर जरूर वापर, पण फोटोला वर्णन आहे की नाही एवढंच त्यांना कळतं. ‘फोटो १’ हे वर्णनही त्यांना बऱ्याचदा चालून जातं. म्हणून अंध, कर्णबधिर, हाताने अधू अशा माणसांकडून साइट तपासून घे, आणि त्या कामाचे त्यांना पैसे दे. फुकट सल्ला मागायची सवय आपल्या क्षेत्राला फार आहे.

स्कॅन केलेली माहितीपत्रकंही स्क्रीन रीडरला नीट वाचता येत नाहीत. तो मजकूर साध्या वेबपानावर आण. औषधांची माहिती आधी.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर फॉर्मच्या वरच फोन नंबर आणि ईमेल दोन्ही दे. नुसता फोन दिलास, तर ज्याला ऐकू येत नाही त्याची वाट बंदच राहते.

तुझी,
ताई