प्रेपच्या गोळ्या आणि घरची टेस्ट

प्रश्न: डॉक्टर, माझ्या मिस्टरांना एचआयव्ही निघाला, पाच महिने झाले, एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) चालू आहे. मी निगेटिव्ह. मला लागण होऊ नये म्हणून प्रेपची गोळी दिलीये पण दर तीन महिन्यांनी टेस्ट केल्याशिवाय पुढच्या गोळ्या देत नाहीत. एसटीने जायचं, कामावर खाडा आणि तिथे कोणीतरी ओळखीचं भेटतंच, मग "तू इकडे कशी काय?" चालू. तोंडातून घरीच करायची टेस्ट असते म्हणे, ती करून फोटो पाठवला तर चालेल का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, तुमचे डॉक्टर तयार असतील तर मधली एखादी फेरी वाचू शकते, सगळ्या नाही. केनियात थिका इथे २०१८ ते २०२० मध्ये नेमकं हेच करून बघितलंय, जवळपास ५०० लोक होते आणि त्यात तुमच्यासारखी जोडपीही होती. काहींना नेहमीसारखं तीन महिन्यांनी बोलावलं, बाकीच्यांना एकदम सहा महिन्यांच्या गोळ्या आणि सोबत किट देऊन सांगितलं की मधली टेस्ट घरी करा. सहा महिन्यांनी बघितलं तर हे लोक गोळ्या घेण्यात मागे पडले नव्हते, फेऱ्या मात्र निम्म्या. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रेपसाठी घरची टेस्ट चालेल असं म्हटलं.

टेस्टचा एवढा आग्रह का, तर प्रेपमध्ये औषधं दोनच. लागण अडवायला पुरतात, झालेली लागण आवरायला नाही, आणि लागण होऊनही तेवढंच घेत राहिलं तर विषाणू त्या औषधांना जुमानेनासा होऊ शकतो.

किट मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या, ऑनलाइन दिसलं म्हणून मागवू नका. साधारण पद्धत अशी की आधी १५ मिनिटं खायचं-प्यायचं नाही (चहासुद्धा नाही!), वरच्या आणि खालच्या हिरडीवरून पट्टी एकेकदाच फिरवायची, मग ती किटसोबतच्या बाटलीतल्या द्रवात उभी करायची (साधं पाणी नाही). निकाल २० ते ४० मिनिटांतच वाचायचा, फोटोही तेव्हाच काढा, सकाळी उठून काढलेला नको. पट्टीवर सी (C) समोर रेघ नसेल तर टेस्ट वाया गेली. टी (T) समोर अगदी फिकट रेघ आली तरी "काही नाही ते" म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात) जाऊन खात्री करा, तिथे टेस्ट फुकट होते. फिकट रेघ म्हणजे लागण झालीच असंही नाही हां.

आता यातली मेख. तोंडातली टेस्ट विषाणू नाही, तर शरीर त्याच्याविरुद्ध हळूहळू तयार करतं ती अँटिबॉडी पकडते, त्यामुळे अलीकडची लागण तीन महिन्यांपर्यंत सुटू शकते, त्यात प्रेप चालू असेल तर आणखी उशीर होऊ शकतो. ताप, अंगावर पुरळ, घसा दुखणं असं काही झालं किंवा बऱ्याच गोळ्या चुकल्या तर घरची टेस्ट नको, सरळ जाऊन रक्त द्या. किडनीची तपासणी पण घरी होत नाही. आणि हिपॅटायटिस बी असेल तर गोळी मनाने बंद करायची नाही, लिव्हरला त्रास होऊ शकतो.

पण मला विचाराल तर किटच्या आधी मिस्टरांचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते) विचारा. एआरटी नीट चालू असेल आणि सहा महिने लोड सापडतच नसेल तर संबंधातून लागण होत नाही, मग तुमची गोळी चालू ठेवायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. त्यांची सहा महिन्यांची तपासणी आता आलीच असेल, त्या दिवशी तुम्हीही सोबत जा.