उत्तर ‘अर्धं’ आलं तर

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. ‘माझं गणित बरं आहे, पण ॲक्चुअरी व्हायला तेवढं पुरेल का?’ असं विचारलंस. आमचं ॲक्चुअरींचं काम म्हणजे विमा-पेन्शनमधल्या जोखमीचा हिशेब मांडणं; त्याला तेवढं गणित पुरेल. मी वेगळंच विचारतो: कोडं सुटल्यावरही ते डोक्यात घोळत राहतं, असं तुझं होतं का?

हे बघ. एका घरात दोन मुलं आहेत, त्यांत निदान एक तरी मुलगा आहे. दोघेही मुलगेच असण्याची शक्यता किती? झटकन ‘अर्धी’ म्हणशील. कागद घे आणि थोरलं-धाकटं अशा क्रमाने मांड: मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी. चौथी जोडी बाद. उरलेल्या तिनांत आपल्याला हवी ती एकच, म्हणजे उत्तर एक तृतीयांश. इथवर पुष्कळ जण पोचतात. आता घर तसंच, पण तुला कुणी काही सांगितलेलं नाही. दोघांपैकी एक मूल सहज दारात दिसलं आणि तो मुलगा निघाला. आता उत्तर खरोखरच अर्धं! दोन मुलगे असलेल्या घराच्या दारात मुलगाच दिसणार, एक मुलगा-एक मुलगी असेल तिथे तो निम्म्या वेळाच दिसेल. दोन्हीकडे कळलं तेच. कसं कळलं, तेवढं बदललं.

आमचं निम्मं काम हेच. १६९३ साली एडमंड हॅलेने (हो, धूमकेतूवालाच) ब्रेस्लाऊ (आज पोलंडमध्ये) शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून, कोणत्या वयाला किती जण जिवंत उरतात याची एक सारणी छापली. तिच्यात चाळिशीला ४४५ जण आहेत, सत्तेचाळिशीला उरतात ३७७. त्या काळी इंग्लंडचं सरकार वार्षिकी विकायचं: एकदा रक्कम भरा, मरेपर्यंत दरवर्षी ठरावीक पैसे घ्या. घेणाऱ्याचं वय काही का असेना, भाव एकच! वयाप्रमाणे किंमत कशी काढायची ते हॅलेने दाखवलं. पण वय कळून भागत नाही. वार्षिकी घ्यायला येतो तो बहुधा धडधाकट, आपण भरपूर जगणार असं मानणारा. सगळ्या लोकसंख्येची सारणी त्याला लावली तर कंपनीला खोट बसते. तो आपल्या दारात आला कसा, हे आधी विचारावं लागतं.

मलाही हे उशिरा कळलं. पहिल्या नोकरीत मी मृत्यूचं प्रमाण काढलं ते पॉलिसी मोजून. एका गृहस्थांच्या सात पॉलिसी होत्या. ते गेले आणि माझ्या तक्त्यात सात जण मेले. त्या वयाचा आकडा एवढा वर का, याचं झकास स्पष्टीकरणही मी रचून ठेवलं होतं. वरिष्ठांनी काही न बोलता जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

परीक्षा पुष्कळ आहेत, नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं चालतात. हुशार माणसंही नापास होतात. मीही दोनदा झालो. नुसता पगार बघून येणाऱ्यांना ती वर्षं फार जड जातात, असं माझं मत. एक्सेल लवकर शीक. आणि सुटलेलं प्रत्येक कोडं गणिताला घाबरणाऱ्या कुणाला तरी समजावून सांग, कारण पुढे संचालकांसमोर तेच करायचं असतं.

सध्या एवढं कर. तीन पत्ते आहेत: एक दोन्ही बाजूंनी लाल, एक दोन्ही बाजूंनी पांढरा, एक एकीकडे लाल नि दुसरीकडे पांढरा. न बघता एक उचलून टेबलावर ठेवला, वरची बाजू लाल दिसली. खालचीही लाल असण्याची शक्यता किती?

‘अर्धी’ आली तर मला पत्र धाडू नकोस. पत्ते कापून घे आणि शंभरदा उचलून बघ.