कायम टिकणारा आनंद श्रद्धा, कुटुंब आणि जगण्याचा उद्देश यांतून खरंच मिळतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की वय 34, पुण्यात चांगली नोकरी, मागच्या वर्षी स्वतःचा फ्लॅट झाला, पण कुठलाही आनंद पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही, आणि घरचे म्हणतात देवाधर्माचं काहीतरी कर, लग्न कर, सगळं ठीक होईल. मी 47 चा आहे, चाकणला कंपनीत नोकरी करतो. हा पंधरा दिवसांचा प्रकार मीही भोगलाय म्हणून लिहितोय. प्रमोशनचं पत्र हातात पडलं त्या दिवशी बायकोला फोन करताना माझा आवाज कापत होता, आणि महिनाभराने मी त्याच खुर्चीत बसून पुढच्या ग्रेडचा हिशोब करत होतो. तेव्हा मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

आमचं गाव नेवासा तालुक्यात. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते हेच नेवासा, शके 1212 म्हणजे 1290 साल, ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असं सांगतात तो पैस खांब अजून तिथे आहे. आमच्या गावात हनुमान जयंतीला सप्ता असतो. पहाटे काकडा, मग पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला आणि पंगत, हे सगळ्यांना माहीत असतं. पण या सगळ्याच्या मागे वीणा चालू असते. सप्ता बसला की वीणा जी गळ्यात जाते ती काला होईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही, रात्रंदिवस दोन दोन तासांचे पहारे, फळ्यावर खडूने नावं लिहिलेली, आपल्या वेळेला यायचं, आधीच्या माणसाच्या पाया पडायचं, त्याने आपल्या पडायचं, वीणा गळ्यात घ्यायची आणि तार छेडत रामकृष्णहरी म्हणत उभं राहायचं.

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, पहारा रात्री दोन ते चारचा. सगळ्यात नको असलेली वेळ, आणि मला कळायला लागल्यापासून ती त्यांचीच. मी पुण्याला आल्यावर फक्त काल्याला जायचो, जेवायचो आणि संध्याकाळी गाडी काढायचो. 2018 च्या दिवाळीनंतर अण्णा गेले. पुढच्या चैत्रात पहारे लिहिताना फळ्यापाशी म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, अण्णाचा पहारा कोणाच्या नावावर टाकायचा? मी म्हटलं माझ्या. का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. आठ दिवस रजा टाकली.

आता एक घरचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. माझं आणि थोरल्या भावाचं विहिरीच्या पाण्यावरून आणि बांधावरून तीन वर्षं बोलणं बंद होतं. अण्णांच्या दहाव्यालासुद्धा आम्ही एकमेकांशी चुलत्यांमार्फत बोललो. आणि फळ्यावर माझ्या खालचं नाव होतं दादाचं, चार ते सहा.

पहिल्या रात्री देवळात मी, समईचा उजेड आणि खांबाला टेकून बसलेली आई. तीन वाजेपर्यंत पोटऱ्या भरून आल्या, तार छेडून छेडून बोटाला फोड आला, नाम घेता घेता मध्येच ऑफिसचे मेल आठवायचे, परत नामावर यायचं. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही, हे मुद्दाम लिहितोय. चारला पाच मिनिटं कमी असताना दादा आला. रिवाज असा की पाया पडल्याशिवाय वीणा घेता येत नाही. तो थोरला, आणि तो माझ्या पायाशी वाकला. मग मी वाकलो. वीणा त्याच्या गळ्यात घालताना त्याने माझं बोट बघितलं आणि म्हणाला, "नखाने नको छेडू, पेराने छेड." तीन वर्षांतलं पहिलं वाक्य. मी बाहेर पायरीवर येऊन रडलो.

बांधाचं भांडण त्याने मिटलं नाही, मोजणी अजून व्हायचीच आहे. पण पुढच्या वर्षी, एप्रिल 2020, लॉकडाऊन, मी चिंचवडला अडकलेलो. कीर्तन बंद, पंगत बंद, गावाने एवढंच ठरवलं की चार-पाच जणांनी लांब लांब राहून वीणा मात्र चालू ठेवायची. सकाळी आईचा फोन आला, तुझा पहारा दादाने केला, दोन ते सहा एकटाच उभा होता. सातही रात्री. त्या फोनचा आनंद पंधरा दिवसांत संपला नाही हो, आज लिहितानासुद्धा तो तसाच आहे.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की हो, मिळतो, पण श्रद्धा वेगळी, कुटुंब वेगळं, उद्देश वेगळा असा नाही. जिथे आपली पाळी लिहिलेली आहे, आपण आलो नाही तर कोणालातरी जास्त वेळ उभं राहावं लागतं, अशी एक तरी जागा माणसाला लागते. देवाने मला काही दिलं का? अण्णांसाठी मी खूप मागितलं होतं, ते वाचले नाहीत. तरी माझी श्रद्धा तेव्हापेक्षा आज जास्त आहे, कारण तेव्हा मी मागायला जायचो आणि आता पहारा करायला जातो. ज्ञानेश्वरांचे गुरू म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ निवृत्तिनाथ, हे शाळेपासून माहीत होतं, पण मला ते दादा वाकला त्या पहाटे कळलं.

तुम्ही वारकरी व्हा असं मी म्हणत नाही. गावाकडचं काही असेल तर तिथलं धरा, नसेल तर सोसायटीतल्या एखाद्या एकट्या आजोबांना दर रविवारी दवाखान्यात न्यायचं काम घ्या, पण ठरलेल्या वेळेचं घ्या, मूड असेल तेव्हाचं नको. आणि लग्न आनंदासाठी म्हणून करू नका, त्या मुलीवर ते ओझं होईल. आणि एक, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर हे माझं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरला भेटा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मुलगी यंदा दहावीला होती, पेपर संपले की येते म्हणाली, आली, आणि आजीशेजारी खांबाला टेकून पूर्ण दोन तास जागी बसली. सप्त्याच्या आधी दादाचा फोन आला होता. पहारे लिहायला घेतलेत, तुझं दोन ते चार टाकतोय, रजा सांगून ठेव.