किल्डा नावाचा संत झालाच नाही

मेलबर्नहून एका वाचकांनी विचारलं आहे : तिथल्या ‘सेंट किल्डा’ या उपनगराचं नाव मराठीत ‘संत किल्डा’ असं लिहावं का? आणि ज्या स्कॉटिश बेटांचं हे नाव, तिथल्या ‘पॅरिश’ला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, मराठीत काय म्हणावं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन मोकळा होतो. वसईकडचे ख्रिस्ती लोक मराठीत ‘धर्मग्राम’ म्हणतात. चांगला शब्द आहे, वापरा.

आता तो ‘संत’. हे भाषांतर वाचून वाचून डोकं उठलंय. क्रिकेटचा सामना सेंट लुसियाला असला, तर ‘संत लुसियात भारताची सरशी’ असा मथळा कोणी देत नाही. सेंट किट्सलाही कोणी हात लावत नाही. मग किल्डालाच बुक्का का लावायचा? बरं, या नावाचा संत ख्रिस्ती परंपरेत कुठेच सापडत नाही. पुरुष नाही, बाई नाही.

मग ‘सेंट’ आला कुठून? माझ्या मते नकाशातल्या एका टिंबातून. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या जुन्या बोलीत, ‘स्किल्डिर’ म्हणजे ढाली. निकोला द निकोले या फ्रेंच नकाशाकाराच्या १५८३ च्या नकाशात ‘स्किल्डार’ असं नाव आहे. १५९२ मध्ये लुकास वाखेनार या डच नकाशाकाराने ते उतरवून घेताना शेवटचा ‘र’ गाळला आणि पहिल्या ‘एस’पुढे टिंब दिलं. झालं ‘एस. किल्डा’! रोमन लिपीत ‘एस.’ हे ‘सेंट’चं लघुरूप, पुढच्यांनी ते सरळ सोडवून लिहिलं. रोममध्ये संतपदासाठी चमत्कार सिद्ध करावे लागतात, इथे शाईच्या ठिपक्यावर भागलं.

हे सगळ्यांना पटत नाही. मार्टिन मार्टिन नावाचा स्कॉटिश लेखक १६९७ साली बेटावर गेला होता. त्याच्या मते किल्डर नावाचा कोणी तिथे राहत होता आणि तिथल्या मोठ्या विहिरीलाही त्याचंच नाव पडलं. गावाचं नाव दिसलं की मूळपुरुष उभा करायचा, ही खोड आपल्या स्थलपुराणांचीच नाही म्हणायची! ‘टोबर किल्डा’ या विहिरीच्या नावात ‘टोबर’ म्हणजे गेलिकमध्ये (बेटकऱ्यांच्या भाषेत) विहीर आणि ‘केल्डा’ म्हणजे नॉर्समध्ये विहीर किंवा झरा. पोर्तुगीज ‘पांव’ला आपली ‘रोटी’ जोडून पावरोटी व्हावी, तसा प्रकार. त्यात किल्डरला शिरायला जागाच नाही. दुसरे विद्वान म्हणतात, मुख्य बेटाचं नाव ‘हिर्ता’. बेटकरी ‘र’चा ‘ल’ करत आणि ‘ह’ घशातून काढत, म्हणून ‘किल्ता’, म्हणून किल्डा. रलयोरभेदः (‘र’ आणि ‘ल’ यांत भेद नाही) हे सूत्र हाताशी धरलं की काहीही सिद्ध होतं. असू द्या, मिळाला तुम्हाला ‘किल्ता’. पण त्यापुढचा ‘एस’ कुठून आणणार? यावर ही मंडळी गप्प.

गंमत म्हणजे तिथे खऱ्या संतांचीही वानवा नव्हती. कोलंबा आणि ब्रेंडन यांच्या नावाची जुनी प्रार्थनास्थळं हिर्तावर होती. पुढे गाव कडवं प्रेस्बिटेरियन झालं, म्हणजे संतांना न भजणारं. १८६५ ते १८८९ या काळातले पाद्री जॉन मके दर रविवारी दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तीन प्रार्थना घेत, आणि त्या चुकवायची कोणाची छाती नव्हती. अशा गावाच्या नावात बोगस संत!

पोटापाण्याचं म्हणाल तर ते पक्ष्यांवर. कड्यांवर दोर सोडून अनवाणी उतरायचं, फुलमार आणि गॅनेट मारायचे. फुलमारच्या पोटातलं तेल दिव्याला. ते साठवायला गॅनेटचं वाळवलेलं जठर. गॅनेटच्या मानेच्या कातड्याच्या सपाता करत. त्या जेमतेम काही दिवस टिकत. मांस, पिसं, गवताच्या पेंढ्या ठेवायला दगडी ‘क्लीट’ : वर हिरवळीचं छप्पर, भिंतींच्या फटींतून वारा खेळता. एकट्या हिर्तावर अशी १,२०० हून अधिक आहेत. डनव्हेगनच्या मॅक्लाउड जमीनदाराचा कारभारी वर्षाला गलबत घेऊन यायचा आणि खंडापोटी पिसं, तेल, घरी विणलेलं लोकरीचं कापड घेऊन जायचा. २९ ऑगस्ट १९३० ला उरलेल्या ३६ जणांनी बेट सोडलं, तेही स्वतः सरकारकडे अर्ज करून.

हां, मेलबर्न. तुमच्या उपनगराला नाव थेट बेटावरून आलेलंच नाही. १८४० च्या सुमारास तिथल्या किनाऱ्याशी ‘लेडी ऑफ सेंट किल्डा’ नावाचं शिडाचं जहाज नांगरून होतं, त्यावरून ते पडलं. तेव्हा ‘सेंट किल्डा’च लिहा. नाहीतर त्या जहाजाला ‘संत किल्डाची बाई’ म्हणावं लागेल.