अबोल माणसाने विक्रीचं काम सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सोलापूरचेच, टॉवेलच्या कारखान्यात मार्केटिंगला आहात. नेटवरच्या स्वभावचाचणीत 'आयएनएफजे' (सोळा प्रकारांपैकी एक, अबोलांच्या गटातला) आलं, असल्या माणसांची कमाई कमी राहते असंही कुठेतरी वाचलं आणि आता नोकरी सोडायचं मनात आहे. जरा थांबा.

मीही एकोणीस वर्षं टर्की टॉवेलच विकतोय. आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी, आता स्वतःच्या एजन्सीवर. स्वभाव तुमच्यासारखाच. लग्नात पहिल्या पंगतीला जेवून गुपचूप घर गाठणारा.

ती सोळा प्रकारांची चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची लेक इझाबेल मायर्स यांनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या मांडणीवरून रचली. दोघींचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. ते असो, खरी अडचण वेगळीच आहे. बोलकेपणा हा उंचीसारखा असतो, बरेचजण मधल्या मापाचे. चाचणी मात्र मध्येच रेघ मारून दोन खण करते. मी दोनदा दिली, दोन्ही वेळा अक्षरं वेगळी आली.

विक्रीला बडबड्या माणूसच लागतो, हेही तितकंसं खरं नाही. ॲडम ग्रँट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांची आकडेवारी तपासली. जास्त धंदा आणला तो ना फार बोलक्यांनी, ना फार अबोलांनी, मधल्यांनी.

माझं नुकसान अबोलपणाने झालंच नाही. झालं ते भिडस्तपणाने. आपल्या धंद्यात माल विकणं सोपं, वसुली अवघड, हे तुम्हाला सांगायला नको. पार्टी चहा पाजते, घरची चौकशी करते, "पुढच्या महिन्यात नक्की" म्हणते, आणि आपण मान डोलावून उठतो. कारखान्यात सहा वर्षं होतो, पगारवाढ एकदाही तोंडाने मागितली नाही. माझ्यानंतर लागलेला पोरगा मागून मागून पुढे गेला. आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. अमेरिकेत २०१२ साली जज, लिव्हिंगस्टन आणि हर्स्ट या संशोधकांनी हेच आकड्यांत दाखवलं: सगळ्यांशी जुळवून घेणाऱ्यांची कमाई कमी, आणि हा फरक बायकांपेक्षा पुरुषांत मोठा. (बायकांनी ठणकावून मागितलं तरी त्यांना तेवढं मिळत नाही, हा त्याचा दुसरा अर्थ.)

समाधानाचं खातं पुन्हा वेगळं. पगार आणि कामातलं समाधान यांचा संबंध अगदी पुसट, ०.१५ च्या आसपास (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पुरता). त्यापेक्षा चिंतातुर स्वभावाचा धागा घट्ट, उलट्या दिशेने ०.२९. म्हणजे रात्री अंथरुणावर पडून "उद्या त्या पार्टीला फोन करायचाय" म्हणून पोटात गोळा येत असेल, तर नोकरी बदलून तो गोळा जाईलच असं नाही. माझा एजन्सी काढल्यावर वाढला.

मग मी एक केलं. वसुलीचं तोंडी बोलणं बंद. दर सोमवारी सगळ्यांना बाकीचा हिशेब व्हॉट्सॲपवर, तारखेसकट. साठ दिवस उलटले की नवा माल नाही, आणि हे पहिल्याच ऑर्डरला सांगून टाकायचं. समोर बसून नाही म्हणायची वेळच येत नाही. दोन जुन्या पार्ट्या तुटल्या, त्यातली एक दिवाळीआधी परत आली.

तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो ते लिहिलेलं नाही. नव्या दुकानात पाऊल टाकायचा, पैसे मागायचा, की साहेबांचा? ते कळवा, मग पुढचं सांगता येईल.