वर्षातून एकदा सगळ्या मित्रांना एकच कौटुंबिक पत्र पाठवलं, तर ते फुशारकीचं वाटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये राहता. तिथले शेजारी नाताळच्या कार्डासोबत घराची वर्षभराची हकीकत छापून पाठवतात. ते बघून तुम्हालाही पुण्या-बंगळुरूपासून टोरांटोपर्यंत पांगलेल्या मित्रांना असं काही पाठवावंसं वाटतंय. पण लोकांना ती फुशारकी वाटेल का, लिहायचं काय, पाठवायचं कधी, आणि जे उत्तरच देत नाहीत त्यांचं काय करायचं?

आमच्या घरी हा उद्योग १९७९ पासून चालू आहे, म्हणून लिहायचं धाडस करते. आधी उत्तर सांगून टाकते: छापील मजकूर हे नुसतं परिशिष्ट. पत्र म्हणजे त्याच्या खाली हातानं लिहिलेल्या चार ओळी. हे मी कुठे वाचलेलं नाही, आईअप्पांच्या वर्षानुवर्षं चाललेल्या भांडणातून शिकले.

माझे वडील, अप्पा, कोयना प्रकल्पात नोकरीला होते. तिसऱ्या टप्प्याचं, म्हणजे कोळकेवाडी धरणाचं काम चालू असताना आम्ही चिपळूणजवळच्या अलोरे वसाहतीत राहायचो. प्रकल्पाची वसाहत ही फार विचित्र जागा असते. सगळं गाव एकाच कामासाठी गोळा झालेलं असतं. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, त्यामुळे सगळ्यांच्या घरातल्या दोऱ्यांवर काय वाळतंय हे सगळ्यांना माहीत असतं. आणि काम संपत आलं की बदल्यांचे कागद येतात आणि वर्ष-दोन वर्षांत सगळे महाराष्ट्रभर उधळले जातात. १९७८ साली आमची बदली साताऱ्याला झाली. शेजारची माणसं पैठणला, नाशिकला, नागपूरला गेली. काही चिपळुणातच राहिली.

त्या पांगलेल्या तीसेक घरांना अप्पांनी पुढच्या संक्रांतीला पत्र पाठवायचं ठरवलं. एकेकाला वेगळं कोण लिहिणार, म्हणून टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये स्टेन्सिल कापून घेतली आणि सायक्लोस्टाइलच्या प्रती काढल्या. अप्पा पडले सरकारी नोकर. पत्राच्या वर 'विषय : वार्षिक कौटुंबिक वृत्त' असं होतं, आणि त्याखाली क्रमांक घालून मुद्दे. १) चि. मुलास सहामाहीत ७८ टक्के. २) कन्येस चित्रकलेच्या परीक्षेत ब श्रेणी (ती कन्या मी). ३) घरासाठी सोसायटीत नाव नोंदविले. शेवटी 'कळावे, लोभ असावा'. पैठणच्या एका काकांनी ते पत्र तसंच परत पाठवलं, कोपऱ्यात लाल शाईनं, सरकारी फाइलीवर मारतात तसा शेरा मारून: 'पाहिले. मान्य. नस्ती बंद करावी.'

अप्पा दोन दिवस गप्प होते.

तर फुशारकीचं म्हणाल तर वाटते, हो. गुण, बढत्या, नवी गाडी, सहली अशी जंत्री वाटली की लोक शेरेच मारतात. तोंडावर मारत नाहीत इतकंच. तुमच्या इंग्लंडातही अशा पत्रांना 'राउंड रॉबिन' म्हणतात आणि तिथली वर्तमानपत्रं दर नाताळात त्यांची यथेच्छ टिंगल करतात. मुळात छापील नाताळकार्डाचा जन्मच पत्र लिहिणं टाळण्यासाठी झालेला आहे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांना इतक्या लोकांना स्वहस्ते लिहायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी एका चित्रकाराकडून कार्ड काढून घेतलं आणि हजारभर प्रती छापल्या. त्या गृहस्थांची अडचण मला पूर्ण समजते. पण त्यांच्या कार्डावरही कुणासाठी आणि कुणाकडून एवढं हातानं लिहायला जागा सोडलेली होती.

आता भांडणाकडे येते. त्या काळी छापील मजकूर उघड्या पाकिटातून 'बुक पोस्ट' म्हणून स्वस्तात जायचा. अट अशी की आत खासगी मजकूर लिहायचा नाही. अप्पांनी हिशेब करून सगळी पत्रं बुक पोस्टानं पाठवायचं ठरवलं होतं. आणि आई रात्री स्वयंपाकघरात बसून प्रत्येक प्रतीच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहायची. 'तुमच्या लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे, परत देणार नाही.' 'धाकटीचा दमा कसा आहे? इथली हवा कोरडी आहे, मे महिन्यात पाठवून द्या.' अप्पांचं म्हणणं, ही नियमबाह्य गोष्ट आहे, पूर्ण तिकीट लावावं लागेल. आईचं म्हणणं, मग लावा. अप्पा लावायचे नाहीत. व्हायचं ते झालंच. एका वर्षी नागपूरचं पाकीट तपासलं गेलं आणि नॉटपेड झालं, तिथल्या काकूंना दंड भरून ते सोडवून घ्यावं लागलं. त्यांचं उत्तर आलं ते आईच्या नावानं: 'तुमच्या चार ओळींसाठी पैसे भरले. पुढच्या वर्षी आठ लिहा, म्हणजे वसूल होतील.'

त्यानंतर पूर्ण तिकीट लागू लागलं. आणि एक गोष्ट अप्पांच्याही लक्षात आली, त्यांनी ती कधी कबूल केली नाही तरी: येणारी सगळी उत्तरं आईच्या ओळींना असायची. सोसायटीत नाव नोंदवल्याबद्दल कुणी काही लिहायचं नाही. बरणीबद्दल लिहायचे.

लिहायचं काय, याचंही उत्तर यातच आहे. वाचणाऱ्याला हात घालायला जागा ठेवा. गेल्या काही वर्षांपासून आमचं पत्र मी लिहिते, सध्या यादीत एक्केचाळीस पत्ते आहेत. एका वर्षी मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं लिहिलं आणि त्याच पत्रात, आमच्या शेवग्याला तीन वर्षं फुलं येतात पण शेंगा धरत नाहीत, असंही लिहिलं. प्रवेशाबद्दल दोन जणांचं 'अभिनंदन' आलं. शेवग्याबद्दल नऊ जणांनी लिहिलं. एकानं सांगितलं पाणी तोडा, दुसऱ्यानं सांगितलं छाटणी करा, एका मावशींनी खोडात गंजका खिळा ठोकायला सांगितलं, आणि वीस वर्षं ज्यांचा आवाज ऐकला नव्हता अशा एका काकांचा फोन आला, ते पाऊण तास कमरेच्या दुखण्यावर बोलले आणि ठेवता ठेवता म्हणाले, 'शेवगा तोड, दुसरा लाव.' अभिनंदनाला पुढे काही बोलता येत नाही. अडचणीला येतं.

चांगल्या बातम्या लपवा असं मी म्हणत नाही. मित्रांना त्या हव्याच असतात. एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

वाईट वर्षाचं मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक तिथेच हे सोडून देतात. १९८६ ला माझा भाऊ बारावीला नापास झाला. जानेवारी उजाडला तरी अप्पा स्टेन्सिलचं नाव काढेनात. आईनं दोनदा विचारलं, मग तीही गप्प बसली. त्या संक्रांतीला पत्र गेलं नाही. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी दुपारी चिपळूणचे ओव्हरसियर काका कुंभार्ली घाट चढून एसटीनं साताऱ्याला आले, हातात कुळथाच्या पिठाची पिशवी. अप्पा अंगणात आरसा टेकवून दाढी करत होते. काका फाटकातच मटकन बसले.

हे समजायला आपली जुनी रीत माहीत हवी. घरात कुणी गेलं की त्या वर्षी सण नाही, तिळगूळ वाटणं नाही. तशी बातमी कळवणाऱ्या कार्डावर माथ्याला 'श्री' नसतो. काका म्हणाले, 'संक्रांत झाली, पत्र नाही. बिनश्रीचं कार्ड येईल म्हणून आठ दिवस पोस्टमनची वाट बघितली. तेही आलं नाही, मग म्हटलं कळवायलासुद्धा कुणी उरलं नाही की काय!' आई हसून हसून रडायला लागली. भावाचं कळल्यावर काकांनी आपण मॅट्रिकला दोनदा आपटल्याची कथा रंगवून सांगितली (त्यातलं अर्धं खोटं असणार) आणि परत जाताना त्याला चार दिवस चिपळूणला घेऊन गेले. पुढच्या संक्रांतीच्या पत्रात अप्पांनी स्वतः मुद्दा घातला: 'चि. मुलगा बारावीत दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण.' त्या वर्षी आलेल्या उत्तरांत निम्म्या घरांनी आपापले दुसऱ्या खेपेचे लोक जाहीर केले.

म्हणून, एकदा सुरू केलंत तर वाईट वर्षी दोनच ओळी लिहा, पण पाठवा. जपानमध्ये लोक एकमेकांना नववर्षाची कार्डं पाठवतात. तिथे ज्या घरी मृत्यू झालेला असतो ते घर आधीच कार्डानं कळवतं की यंदा आमच्याकडून शुभेच्छा येणार नाहीत. मला ही पद्धत फार समजूतदार वाटते. आजारपण, कर्ज, घरातली भांडणं यांचं ज्यानं त्यानं ठरवावं. माझा नियम एवढाच की ज्याची गोष्ट आहे त्याला आधी मजकूर दाखवायचा. माझी मुलगी चौदा वर्षांची असताना तिनं आपल्यावरचा अख्खा परिच्छेद खोडला आणि बाजूला लिहिलं, 'मी बरी आहे.' तसंच छापलं.

पाठवायचं कधी? दिवाळीत नको. दिवाळीत फोनवर पणत्यांचा पूर येतो, त्यात तुमचं पत्र वाहून जाईल. नाताळात तुमच्याकडे पोस्टाची गर्दी. संक्रांत उत्तम. नव्या वर्षाचा गलबला ओसरलेला असतो, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो. ती कधी जानेवारीच्या शेवटी येते, कधी फेब्रुवारीत. उशीर झाला तरी उशीर होत नाही असा दुसरा सण मला माहीत नाही. पूर्वी आई पाकिटात काटेरी हलव्याचे सात-आठ दाणे टाकायची. शिक्क्याच्या ठोक्यानं त्यांचं पीठ व्हायचं आणि पत्र उलगडलं की मांडीवर साखर सांडायची. तुम्ही परदेशातून पाठवणार असाल तर हा मोह आवरा. खाण्याची वस्तू घातली की ते नुसतं पत्र राहत नाही, कस्टमचा कागद जोडावा लागतो. एका ए-फोर कागदाचं वजन पाच ग्रॅम. कागद एकच ठेवा, एकाच बाजूला छापा, आणि खाली चार बोटं जागा सोडा. मागची बाजूही वापरावीशी वाटू लागली की समजायचं, अहवाल सुरू झाला.

कागद पाठवणं जमणार नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण ग्रुपवर टाकू नका. तिथे बारा जण हात जोडतात आणि तेराव्याचा वाढदिवस निघतो. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे उत्तर फक्त तुम्हालाच येतं. मात्र ज्यांनी तुमचा नंबर साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो, हे ध्यानात ठेवा. आणि हातानं लिहायच्या ओळींच्या जागी प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, त्याच्या नावानं सुरू होणारा. एका बसणीत सगळे उरकू नका. मी रात्री पाच करते. सहाव्याला माझाच आवाज रेल्वेच्या उद्घोषणेसारखा येऊ लागतो.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. उत्तर न देणाऱ्यांना किती वर्षं पाठवायचं? अप्पांचा नियम तीन वर्षांचा होता. तीन संक्रांतींना उत्तर नाही तर वहीतल्या नावावर काट. आई एक-दोन जादा प्रती मागून घ्यायची आणि काट मारलेल्यांना गुपचूप पाठवायची. नाशिकचे एक काका असेच काटेखाली गेलेले. त्यांचं कार्ड अकराव्या वर्षी आलं. माथ्याला श्री, खाली सही, आणि मध्ये एवढाच मजकूर: 'आमचा पत्ता बदलला आहे. पत्र नव्या पत्त्यावर पाठवत जावे.'