बाहुलीघरासाठी केलेला क्लेचा इवलासा वडापाव खरा दिसायला हवा असेल तर

रंगाच्या मागे लागण्याआधी माप धर. बाहुलीघराचं नेहमीचं प्रमाण १:१२, म्हणजे ६ सेंटिमीटरचा वडा जेमतेम ५ मिलिमीटरचा.

पाव नुसत्या पांढऱ्या पॉलिमर क्लेचा (ओव्हनमध्ये भाजल्यावर कडक होणाऱ्या, मातीसारख्या मऊ प्लास्टिकचा) करू नकोस, मेल्यासारखा दिसतो. पांढऱ्यात थोडी पारदर्शक क्ले आणि किंचित पिवळी मळून घे. भाजण्याआधी सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडने खरवडून त्याची पूड कोरड्या ब्रशने लाव: आधी पिवळसर, मग बदामी, गडद तपकिरी फक्त माथ्यावर. बाजू फिक्याच राहू देत. लादीतले पाव एकमेकांना चिकटलेले असतात, तिथे भट्टीचा रंग चढतच नाही. सगळी जादू या फिक्या बाजूंत आहे! कापलेली बाजू सुईने उचकटून खरबरीत कर.

वड्याचा खडबडीतपणा येण्यासाठी त्यावर जुना टूथब्रश टोच. सुक्या लसूण चटणीसाठी भाजलेली लाल क्ले बारीक किसून घे, लिक्विड (पातळ) क्लेने चिकटव आणि पुन्हा भाज.

तापमान पाकिटावर असेल तेच ठेव, बहुतेक क्लेंना ११० ते १३० अंश सेल्सिअस लागतं. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर हवाच, बटणावरच्या आकड्यावर विसंबू नकोस. क्ले करपली तर धूर घातक असतो, म्हणून खिडकी उघडी ठेव.

वार्निश मात्र वड्यालाच, तेही अगदी पुसट. पावाला नको.